नदीकडे उतरणारी वाट कुणाची?



दिवाळी झाली की आपल्या घरातल्या मुलांचे सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी ते बेत माथेरानचे नाहीतर महाबळेश्वरचे असायचे. आता घराघरांत उंच, जाड चाकांच्या फोर बाय फोर गाड्या आल्या आहेत आणि या गाड्या घेणाऱ्यांना हॉटेल नको असतं. त्यांना हवा असतो डोंगरातला नदीकाठ, जिथे लाईट नाही, नळ नाही, संडास नाही, दुसरं माणूस नाही, आणि गाडी मात्र थेट पाण्यापर्यंत जाते. मुलं रात्र रात्र मोबाईलवर उपग्रहाचे नकाशे मोठे करून बघत बसतात. निळ्या रेघेला जाऊन टेकलेली एखादी मातकट रेघ दिसली की झालं, जागा सापडली!

या सहलींचे डबे आपण भरतो, सतरंज्या-पांघरुणं आपण काढून देतो, आणि हल्ली "आई, काकू, तुम्हीपण चला" असा आग्रहही होतो. म्हणून या बाबतीत आपल्याला स्वतःचं मत असायला हवं. माझं मत मी आधीच सांगून टाकते. मुलांनी डोंगरात जरूर जावं, नदीकाठी मुक्काम जरूर करावा. पण गाडी वर रस्त्यालाच थांबावी आणि शेवटची दोनशे पावलं सगळ्यांनी चालत जावं. गाडी पाण्याला टेकवल्याशिवाय ज्या जागेची मजा येत नाही, ती जागा आपल्यासाठी नाही. असं का म्हणते, ते आता सविस्तर लिहिते.

मी खडवलीत राहते. कसारा लाईनवर टिटवाळ्यानंतरचं आमचं स्टेशन. स्टेशनपासून भातसा नदी चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे शनिवार-रविवार नदीवर येणारी गर्दी आम्हाला नवी नाही. पूर्वी माणसं लोकलने यायची, पायी उतरायची, संध्याकाळच्या गाडीने परत जायची. आता गाड्या येतात. आणि गाड्या यायला लागल्यापासून एक गोष्ट माझ्या नीट लक्षात आली, जी नकाशावर दिसत नाही.

नदीचा काठ बहुतेक ठिकाणी उभा असतो. कुठे कातळ, कुठे मातीची दरड, कुठे करवंदीच्या जाळ्या. गाडी राहू द्या, शेळीसुद्धा जपून उतरते. जिथे सोपा उतार असतो, तिथे तो कुणीतरी केलेला असतो. पिढ्यानपिढ्या गुरं पाण्यावर नेऊन तो पडलेला असतो. बायका डोक्यावर धुणं घेऊन उतरल्या, त्यांच्या पावलांनी तो मळलेला असतो. पलीकडच्या शेतात बैलगाडी जावी म्हणून कुणी दरड फोडलेली असते. गावचा गणपती त्याच वाटेने विसर्जनाला जातो. कुठे कुठे ती वाट स्मशानाचीही असते, अंत्यविधी उरकून माणसं त्याच वाटेने आंघोळीला उतरतात.

म्हणजे ज्या ठिकाणी गाडी पोहोचू शकते, ते ठिकाण निर्जन नसतंच. आपण रात्री पोहोचतो म्हणून ते निर्जन दिसतं. सकाळी सहा वाजता तिथे गाव येतं. एका रविवारी नदीवर गेले असताना मी पाहिलं, उतारावरच एकामागे एक चार गाड्या लावलेल्या, गाणी चालू, आणि वर पाच-सहा बायका धुण्याच्या पाट्या घेऊन उभ्या. कुणी कुणाशी भांडलं नाही. बायका थोडा वेळ थांबल्या आणि परत गेल्या. गाडीवाल्यांना त्या आल्या होत्या हे कळलंही नसेल. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण वाट अडली ती अडलीच.

बायकांनो, हे आपल्याला चटकन समजेल. आपल्या मोरीत सकाळी सातला कुणी पाहुणा तासभर बसला तर घराचं काय होतं? नदीचा उतार ही गावाची मोरी आहे, पाणवठा आहे आणि गोठ्याची वाटही आहे. गावात त्याचीही रीत असते. पिण्याचं पाणी भरायचं वरच्या अंगाला, गुरं त्याच्या खाली, धुणं त्याच्याही खाली. आपला तंबू नेमका वरच्या अंगाला लागतो, कारण तिथलं पाणी नितळ दिसतं.

आता पाण्याबद्दल. उन्हाळ्यात आजूबाजूच्या नद्यांचे दगड उघडे पडतात, तरी भातसेला पाणी असतं. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक नसतं. शहापूरजवळच्या भातसा धरणातून मुंबईसाठी पाणी सोडतात ते नदीच्याच पात्रातून. ते खडवलीवरून खाली पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथे उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग मुंबईच्या नळांना येतं. मुंबईच्या एकूण पाण्यातला अर्ध्याच्या जवळपास वाटा भातसेचा आहे. तेव्हा मुलुंड-घाटकोपरच्या मैत्रिणींनो, इथे नदीत उभी करून धुतलेल्या गाडीचं ग्रीस आणि डिझेल ज्या पाण्यात उतरतं, ते पाणी पुढे कुठे जातं याचा विचार करा. आपण घरी नळाला गाळणं बांधतो, दुहेरी फडक्यातून पाणी गाळतो. गाळण्यात डिझेल अडकत नाही.

याच पाण्याची दुसरी बाजू जिवाशी गाठ घालणारी आहे. धरणाखालच्या नदीची पातळी फक्त आपल्या डोक्यावरच्या पावसावर ठरत नाही. पावसाळ्यात धरण भरलं की दरवाजे उघडतात, काठच्या गावांना सावध राहायला सांगितलं जातं. गावात दवंडी होते, फोन येतात. पण जो परक्या गावाहून येऊन रेंज नसलेल्या वळणावर झोपला आहे, त्याला कोण सांगणार? त्याच्या तंबूवर चांदणं असेल आणि पाऊस तीस किलोमीटरवर घाटात पडत असेल. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. पाणी वाढायला किती थोडा वेळ लागतो, ते तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात धबधबे, धरणं आणि नदीकाठांवर मनाईहुकूम निघतात ते उगीच नाही.

"पण आमची गाडी पाण्यातून जाते" असं मुलं सांगतात. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, आकडा दिसला की तपासून बघते. नव्या थारला कंपनीने पाण्यातून जाण्याची क्षमता सांगितली आहे ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट आणि वर साधारण दीड इंच. आणि अमेरिकेचं हवामान खातं लोकांना सांगतं की एक फूट वाहतं पाणी बहुतेक छोट्या गाड्या वाहून नेऊ शकतं आणि दोन फूट वाहतं पाणी मोठ्या जीपसारख्या गाड्याही उचलतं. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. कंपनीचा आकडा खोटा नाही. पण इंजिनात पाणी जाणार नाही ही एक गोष्ट झाली आणि गाडी जागेवर राहील ही दुसरी. शिवाय आपल्या कोकणपट्टीतल्या नद्यांचा तळ कातळाचा. एका पावलावर गुडघाभर पाणी आणि पुढच्या पावलावर डोह. वरून दोन्ही सारखेच दिसतात.

डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलात लाहौल-स्पितीला एकाने रस्त्यावरची कोंडी टाळायला चंद्रा नदीतून गाडी नेली. त्याचे व्हिडिओ घराघरांत पाहिले गेले. पोलिसांनी त्याला मोटार वाहन कायद्याखाली दंड केला, ही पुढची गोष्ट मात्र कमी लोकांनी वाचली.

मग मुलांनी जायचं कुठे? नुसतं "जाऊ नका" म्हणून भागत नाही. वयात आलेल्या मुलाला नाही म्हटलं तर तो न सांगता जातो. म्हणून जागा कशी शोधावी तेही सांगते. घरातल्या मुलांचे बेत ऐकून, गावातल्या जाणत्या माणसांना विचारून आणि थोडी कागदपत्रं वाचून मला जे समजलं ते हे.

पहिलं म्हणजे काळ. कार्तिकी पौर्णिमेनंतर फाल्गुनापर्यंत. त्याआधी नाही. पावसाळ्यात नदीकाठी मुक्काम हा विषयच नको. आपले साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात ते जमिनीवर त्या काळात जीवसृष्टी उसळलेली असते म्हणून. तीच ओली जमीन जाड चाकांनी सगळ्यात जास्त फाटते, आणि तिथे पडलेल्या चाकोऱ्या पुढे वर्षभर दिसतात.

दुसरं म्हणजे मालकी. महाराष्ट्रात बेवारस जमीन नसते. गट नंबर कळला की सातबारा महाभूलेखवर घरबसल्या दिसतो. कुणा शेतकऱ्याचं नाव असेल, गायरान असेल, वनखात्याचं असेल, नाहीतर धरणाच्या फुगवट्याजवळ जलसंपदा विभागाचं असेल. जागा राखीव वनात असेल तर परवानगीशिवाय शिरणं आणि जाळ करणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. तानसा अभयारण्य आपल्या शहापूरलाच लागून आहे, भंडारदरा-रतनवाडीकडे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो आणि आत जायला परवानगी लागते. काजव्यांच्या दिवसांत तिकडे इतक्या गाड्या आपले दिवे लावून गेल्या की वनखात्याला रात्रीच्या प्रवेशावर निर्बंध घालावे लागले. काळोखात चमकणारा जीव बघायला हेडलाईट लावून जायचं, यावर मी आणखी काय लिहू?

जागा कुणा शेतकऱ्याची निघाली तर फारच चांगलं. त्याला आधी फोन करा, नाहीतर एकदा दिवसा जाऊन भेटा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, त्यात शेतकऱ्याला आपल्या शेतावर पर्यटकांची सोय करता येते. २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं. म्हणजे सरकारी वाटही आता मोकळी आहे. गाडी त्याच्या खळ्यावर लावायची, तंबू त्याने दाखवलेल्या बांधापलीकडे, आणि भाडं हातावर ठेवायचं. गाडीच्या एका टायरला हजारो रुपये मोजणारी माणसं शेतकऱ्याला पाचशे रुपये देताना घासाघीस करतात, हा हिशोब मला कधी जमलेला नाही.

तिसरं म्हणजे उंची. काठावरच्या झाडांकडे बघायचं. फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत, चिंध्या, प्लास्टिक ही पुराची खूण असते. ती आपल्या डोक्याच्या वर दिसली तर तिथे झोपायचं नाही, कितीही सपाट आणि मऊ जागा असली तरी. वाळू सपाट आणि मऊ केलेली असते ती पुरानेच. धरणाच्या वरच्या अंगाला पाणी ओसरलेली जागा असेल तर तिथेही जपायचं. वरून चिखल वाळून भेगाळलेला दिसतो, खाली तो ओलाच असतो. गाडी रुतली की ट्रॅक्टरसाठी गावातल्याच माणसाकडे धावावं लागतं, ज्याला आपण येताना विचारलेलं नसतं.

चौथं म्हणजे अंतर. ज्या अमेरिकेचे व्हिडिओ बघून मुलांना हे वेड लागलं, तिथला नियमही मी बघितला. तिथल्या राष्ट्रीय वनांत असा मोकळा मुक्काम करता येतो, बहुतेक ठिकाणी तो फुकट असतो. पण सर्वसाधारण नियम असा की तंबू, भांडी घासणं आणि शौच पाण्यापासून २०० फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर लांब. आणि २००५ च्या तिथल्या नियमाप्रमाणे गाडी कुठल्या रस्त्यावर जाऊ शकते त्याचे नकाशेच वनखातं काढतं, त्या रस्त्याबाहेर गाडी घालता येत नाही. म्हणजे जिथे माणसं थोडी आणि जमीन अफाट आहे, तिथेही गाडी वाटेवरच राहते. आपल्याकडे तर दर दोन मैलांवर वाडी आहे.

शौचाचा विषय जरा नाजूक आहे, पण आपण बायकांनी तो बोलायलाच हवा, कारण तो कुणी काढत नाही. जागा ठरवताना आडोसा बघितला जात नाही, मग आपण दिवसभर पाणी पीत नाही आणि आजारी पडतो. घरातून छोटी खुरपी न्यावी, पाण्यापासून लांब वीतभर खोल खड्डा करावा, नंतर मातीने बुजवावा. आधी जागा नीट बघून घ्यावी, वारूळ किंवा बीळ नसावं. पॅड, डायपर, ओले रुमाल पुरायचे नाहीत, पिशवीत बांधून घरी आणायचे. आपल्याकडे उत्सर्ग समितीचा उपदेश साधूंसाठी आहे, पण त्यातला विवेक गृहस्थाला वर्ज्य नाही.

धर्माचं एवढंच आणखी सांगते, कारण ते या विषयाला अगदी नेमकं लागू पडतं. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत. त्यातला शेवटचा प्रमादचर्या. काही कारण नसताना माती उकरणं, पाणी ढवळणं, आग पेटवणं, झाडं-वेली तोडणं, उगाच भटकणं आणि दुसऱ्याला भटकवणं, असा त्याचा आशय. शेतकरी नांगरतो तेव्हाही माती उलटते, बैलगाडी नदी ओलांडते तेव्हाही पाणी ढवळतं. पण त्याला प्रयोजन आहे. दोन गाड्या पाण्यातून मागे-पुढे नेत उडणाऱ्या पाण्याचा फोटो काढण्याला कुठलं प्रयोजन? आचार्यांनी मुक्काम करू नका असं म्हटलेलं नाही. ज्यातून काहीच साधत नाही त्यासाठी जीव दुखवू नका, एवढंच सांगितलं. आणि सूर्यास्ताआधी जेवण उरकणाऱ्या घरातल्या मुलांना रात्री मोठा जाळ तरी कशाला हवा? संध्याकाळी पाचला थालीपीठ-दही खाऊन पांघरूण घेऊन बसावं, आकाश बघावं. खरं तर रात्र बघायलाच तर गेलात ना?

यावर दोन प्रश्न मला नेहमी विचारले जातात. पहिला, "काकू, वालधुनीत कारखाने काय काय सोडतात ते बघा, आमच्या चार गाड्यांनी काय होणार?" वालधुनीची दशा मी नाकारत नाही, अंबरनाथ-उल्हासनगरला जाणाऱ्या कुणीही ती बघावी. पण ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे. एक नदी गेली आहे म्हणूनच जी वरच्या अंगाला अजून पिण्याजोगी आहे ती जपायची. शेजाऱ्याचं घर जळालं म्हणून आपल्या घरात काडी ओढायची नसते.

दुसरा प्रश्न जास्त खरा आहे. "गाडी वर थांबली तर आजी कशी उतरणार?" माझे स्वतःचे गुडघे कुरकुरतात, तेव्हा हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. पण आजीला नदी दाखवायची असेल तर त्यासाठी जागा वेगळी निवडा. एखाद्या शेतकऱ्याच्या पडवीतून नदी दिसते, पुलाच्या कठड्याशी उभं राहून दिसते, घाटाच्या पायऱ्यांवरून दिसते. सहा गाड्या खाली न्यायच्या आणि कारण आजीचं सांगायचं, हे आजीला तरी आवडेल का, तिलाच विचारा.

एक गोष्ट मात्र मुलांच्या बाजूने सांगते. गाव या पाहुण्यांवर चार पैसे कमावतं. भाकरी-पिठलं करून देणाऱ्या बायका आहेत, गाड्या राखणारी पोरं आहेत. तो पैसा बंद व्हावा असं मला वाटत नाही. उलट तो वाढावा. पण गाडी नदीत गेली की सगळा शिधा गाडीतूनच येतो आणि कचरा तेवढा गावात राहतो. गाडी गावात थांबली तर पाहुणा चार घरांवरून चालत जातो, पाणी मागतो, ताक घेतो, पुढच्या वेळी नावाने ओळखला जातो. आणि रात्री पाणी वाढलं तर त्याला उठवायला कुणीतरी येतं.

म्हणून मैत्रिणींनो, यापुढे घरात अशी सहल ठरली आणि डबा भरायला सांगितलं, तर आधी तीन प्रश्न विचारा. नदीकडे उतरणारी ती वाट कुणाची आहे? त्यांना विचारलंत का? आणि गाडी कुठे थांबणार? उत्तरं मिळाली नाहीत तर डबा रिकामा ठेवायला मागेपुढे पाहू नका. आणि नीट मिळाली तर दोन लाडू जास्त बांधून द्या, ज्याच्या खळ्यावर गाडी लागणार आहे त्याच्या घरच्यांसाठी.